डावा छापलेला हात

आमच्या कामगार संघटनेच्या पत्रकात चूक होती आणि ती मीच केली. 'तांत्रिक अडचण' वगैरे म्हणणार नाही. दुसऱ्यांनी ही सबब दिली की आम्हीच त्यांच्या दारात घोषणा देतो.

अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रेस मशीनखाली आमच्या शेजारच्या काकांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. ठेकेदार म्हणाला, घरी लागलं असेल. शेजारच्या मशीनवरचा एकच माणूस साक्ष द्यायला तयार होता. त्याला आणखी चार जणांचं बळ मिळावं म्हणून पत्रक काढायचं ठरलं. पण नुसता मजकूर कुणी वाचत नाही, हे मी गेटवर उभी राहून शिकले होते. धाकट्या बहिणीला म्हटलं, त्या जपानी चित्रकथा, मांगा, काढतेस ना सारख्या? मग काकांची गोष्ट काढ.

बदलापूरच्या घरात फरशीवर बसून, निब शाईत बुडवून तिनं सहा पानं काढली. काकांना समोर बसवून त्यांचा हात चारदा काढला. पण चौकटी मांगासारख्या, उजवीकडून डावीकडे.

"आपले लोक असं वाचत नाहीत गं."

"मग परत काढू? ताई, परीक्षा आहे माझी. तूच बस शाई घेऊन."

मी पानांचे फोटो टॅबवर घेतले आणि एक बटण दाबलं. सगळी पानं आरशातल्यासारखी फिरली. मग सावल्यांचे ठिपके भरले, फुग्यांत मजकूर टाकला. अक्षरं नंतर टाकलेली, त्यामुळे सरळच. कुणाला काही खटकलं नाही. उल्हासनगरचा सिंधी छापखानेवाला तर म्हणाला, "साईं, एकदम फर्स्ट क्लास!"

गेटवर ठेकेदारानं पान उंच धरलं. "अरे बघा, ह्यांच्या कागदावर डावा हात गेलाय! उद्या पाय पण कापतील." लोक हसले. आमचेच लोक.

साक्षीदारानं फोन घेणं बंद केलं. शाईची मूळ पानं घेऊन मी शिवमंदिराजवळच्या त्याच्या घरी गेले. त्यांत उजवा हात उजवाच होता. त्यानं पानं नीट बघितली.

"हे तुम्ही नंतर काढलं नसेल कशावरून? माझ्या नावानं पण काहीही छापाल. मला नोकरी आहे, मॅडम."

तोवर तो मला ताई म्हणायचा.

काकांना म्हटलं, दुरुस्त करून परत छापू.

"छाप की," काका म्हणाले. "पण माझ्या बाजूनं साक्षीच्या कागदावर सही कोण करणार?"