झिरो मी केला

यंत्राच्या आकड्यावर तात्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि माणसाचं सगळं आयुष्य गेलं ते आकडे सुधारण्यात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा चुन्याच्या भट्ट्यांचा कारखाना. कोळसा नि चुनखडी लांबलचक पट्ट्यांवरून भट्टीकडे जायची, आणि पट्ट्याखाली बसवलेला काटा जाता जाता त्यांचं वजन करायचा. पट्टा रिकामा असला की काट्याने शून्य दाखवावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. पण तो मेला कधी चार किलो दाखवायचा, कधी उणे सहा. मग कोणीतरी ओरडायचं, "तात्या को बुलाओ!" आणि दांडी गावचे तात्या कानामागे खडू खोचून सावकाश चालत यायचे. त्यांना कधी पळताना मी बघितलं नाही.

त्यांची रीत ठरलेली. पट्टा बंद, स्विचला कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. मग उताणे पडून पट्ट्याखाली शिरायचं, एकेक रोलर हाताने फिरवून बघायचा, काट्याची चौकट चारी बाजूंनी चाचपायची. बाहेर आल्यावर पट्ट्यावर खडूची रेघ मारायची, पट्टा रिकामाच सुरू करायचा, आणि रेघ तीनदा समोरून गेली की मगच झिरोचं बटण दाबायचं. या सगळ्याला तासभर. मी वाणगावची, नवी शिकाऊ इंजिनिअर, डोकं तापट. एकदा न राहवून म्हटलं, "तात्या, मग बटण दिलंय कशाला?"

"बटन दाबलं का काटा गप बसतो गो पोरी," तात्या म्हणाले. "खोटं बोलायचा थांबत नाय."

त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव मिरची ठेवलं. वाणगावच्या मिरच्या आमच्याकडे प्रसिद्धच, त्यात माझं तोंड. डब्यातली बोंबलाची चटणी पुढे सरकवत म्हणायचे, "खा मिरची, तुज्यापेक्षा कमीच तिखट हाय."

एका उन्हाळ्यात एक काटा रोज दुपारी बिघडायचा. सकाळी शहाण्यासारखा शून्यावर, जेवणाच्या सुट्टीनंतर आकडा नाचतोय. बाहेरून तज्ज्ञ आले, लॅपटॉप जोडले, आतला वजन टिपणारा सेल बदलला. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच! तात्या पट्ट्याजवळ नुसते तोंड वर करून उभे राहिले आणि म्हणाले, "दर्यावरचा वारा हाय. दुपारचा सुटतो आनि पट्ट्याला उचलतो." उघड्या बाजूला त्यांनी जुन्या ताडपत्र्या बांधून घेतल्या. काटा शांत. तज्ज्ञांनी जाताना साधा रामराम केला नाही, याचा राग मलाच जास्त आला.

काट्याचं रजिस्टर होतं. बाकीचे त्यात 'झिरो केला' एवढंच लिहून सही ठोकायचे. तात्या मात्र खाली काय सापडलं तेही लिहायचे. 'चौकटीत दगड अडकलेला.' 'चिमणीचं घरटं. अंडी होती, बाजूच्या खांबावर ठेवलं.' 'तंबाखूची पुडी. कोणाची ते माहीत आहे.' पोरं ती पानं वाचून हसायची. मीही हसले आहे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले, ते सांगते.

त्या सकाळी तात्या दुसऱ्या भट्टीवर होते. कोळशाचा रिकामा पट्टा नऊ किलो दाखवत होता आणि सुपरवायझरचे फोनवर फोन. पट्ट्याखाली शिरायचा मला कंटाळा आला. हो, कंटाळाच. मी बटण दाबलं, आकडा शून्यावर आला, रजिस्टरमध्ये लिहिलंसुद्धा नाही. काट्याच्या चौकटीवर ओल्या कोळशाचा लगदा साचला होता, त्याचं ते वजन. दुपारी तो वाळून आपोआप गळून पडला. तेव्हापासून काटा कमी दाखवू लागला आणि भट्टीत कोळसा जास्त जात राहिला. दोन दिवसांत आतला माल करपून भिंतींना चिकटला. भट्टी बंद पडली.

चौकशीच्या आधी तात्यांनी जमिनीवरचा तो लगदा पायाने हलवून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं.

"खालती बगितलंस?"

मी मान हलवली. नाही.

"लिवलंस?"

नाही.

त्यांनी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, 'झिरो मी केला. खाली बघितलं नाही.' खाली सही.

"तात्या, काय करताय!"

"तुजी नोकरी पक्की व्हायची हाय पुडल्या महिन्यात. माजं काय, वरीसभराचं काम रायलंय." मग खडू माझ्या हातात ठेवला. "पन परत बगितल्याबिगर दाबू नको."

तात्यांना कामावरून काढून गेटपास जमा करायला सांगितलं, तेव्हा मी त्याच खोलीत होते. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. घाबरले. दुसरं कारण नाही.

नोकरी पक्की झाली. उद्या साहेबांना सांगू, रविवारी दांडीला जाऊ, असं करत दोन वर्षं काढली. मध्ये एकदा त्यांचाच फोन आला. "रेघ मारतंस ना गो?" मी म्हटलं, मारते. आणि खरंच मारते, आजही. पण त्या सहीचा विषय न काढताच फोन ठेवला.

मग एका सकाळी दांडीचा एक कामगार चहा पिताना म्हणाला की तात्या गेल्या आठवड्यात वारले. मी तशीच निघाले. मी राहते बोईसरला, तिथून दांडीला एस.टी. पाऊण तासात पोचते.

काकू ओसरीवर बसल्या होत्या. मी पाय धरले. म्हटलं, "काकू, झिरो मी केला होता."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "पयल्याच दिवशी सांगलं तेनी. कोनाला बोलायचं नाय म्हनून शपत घातली." मग त्यांनी मला हात धरून उठवलं. "मला सांगलं, पन पोराला नाय सांगलं."

त्यांचा मुलगाही आमच्याच वसाहतीत, दुसऱ्या कारखान्यात. तिथले त्याला येता-जाता टोचायचे, "तेरे बाप ने भट्टी बिठा दी." एकदा घरी येऊन तो तात्यांना म्हणाला, "जन्मभर काट्याची मिजास केलीत, आनि शेवटी माजं तोंड काळं केलंत." त्यानंतर त्याने बापाशी बोलणं टाकलं. एका घरात, एका चुलीवर जेवून. तरी तात्यांनी त्याला खरं सांगितलं नाही. शेवटपर्यंत नाही.

"तिकडं किनाऱ्यावर हाय तो," काकू म्हणाल्या. "जा. तूच सांग."

तो उपड्या घातलेल्या होडीला टेकून बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पट्टा, नऊ किलो, लगदा, ती सही. मला वाटलं अंगावर धावून येईल, आणि यावंच असं वाटत होतं. पण त्याने फक्त मान वर केली. डोळे लाल झाले होते.

"इतके दिवस कुटं होतीस तू?"

"बोईसरला," मी म्हटलं.