जांभळाखालच्या चादरी

शेवंताबाई लग्न होऊन असोद्याला आली त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. मागच्या पडवीत कोठीच्या आड ती ज्वारी पाखडत बसली होती आणि अंगणात तिची सासू भिकुबाई आणि चुलतसासू यांची जुंपली होती. कारण काय, तर एक गोधडी. एदलाबादचा, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरचा, एक पाहुणा राहून गेला होता आणि ऐन वैशाखातल्या घामानं त्यानं गोधडी पार कुबट करून ठेवली होती. भिकुबाई म्हणे, पाहुणा तुझ्या माहेरचा, तूच धू. चुलतसासू म्हणे, अंथरून देताना मोठेपणा तुझा, मग धुवायला मी कशाला? गोधडीवरून भांडण पाहुण्यावर गेलं, पाहुण्यावरून माहेरावर, माहेरावरून लग्नात न आलेल्या पितळी हंड्यावर, आणि दिवाळीच्या आत घरात दोन चुली झाल्या. पाहुण्याला यातलं काहीच ठाऊक नाही. तो बिचारा पुढच्या वर्षी पुन्हा आला आणि कोणत्या चुलीपाशी पाट मांडून बसावं हे त्याला कळेना.

नव्या नवरीनं कोठीआड बसून मनाशी गाठ मारली ती मारली. जो निजला त्यानंच धुवावं, दुसऱ्या बाईवर आपली गोधडी टाकू नये.

ही गाठ तिनं जन्मभर सोडली नाही. भडगावला लेकीकडे गेली की निघायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठणार, आपली चादर, उशीचा अभ्रा धुऊन दोरीवर टाकणार, मगच चहा. लेकीची सासू म्हणायची, विहीणबाई, गिरणेला पाणी आमच्या वाट्याचं नाही का? पण सोयऱ्याधायऱ्यांच्या सुना तिची वाट पाहायच्या. येताना वांगी आणते आणि जाताना अंथरूण धुऊन जाते, असा पाहुणा कोणाला नको? एकदा हिवतापानं दवाखान्यात पडली, तर तिथल्या नर्सशी चादरीवरून भांडली. मुलगा जगदीश तेव्हा कपाळाला हात लावून बाहेर जाऊन उभा राहिला होता.

हा जगदीश जळगावला कचेरीत कारकून होता, त्या वर्षीच्या मे अखेरीला रिटायर झाला. त्याची मुलगी ज्योत्स्ना नाशिकला नोकरीला. तिनं फोनवरच धुळ्याकडच्या एका हॉटेलात दोन खोल्या घेऊन टाकल्या. एक आईवडिलांना, एक आजीला. आजीनं आयुष्यात स्वतःची खोली पाहिली नाही, आता पाहू दे, असं पोरीचं म्हणणं. म्हातारी नाही म्हणाली, पण नातीपुढे कोणाचं चालतं?

हॉटेल होतं जुन्या जहागीरदारांच्या बागेत. जहागिरी गेली, वारस मोठ्या शहरांत पांगले, पण बाग तशीच राहिली. दगडी कुंपण, पायऱ्यांची विहीर, घोड्यांची पागा, आणि चिंच, खिरणी, जांभूळ अशी माणसाच्या कवेत न येणारी झाडं. पूर्वी म्हणे त्या सावलीत बाहेरच्या माणसाला पाऊल टाकता येत नव्हतं. आता मधोमध काचेचं हॉटेल, कडेनं हिरवळ आणि प्रत्येक झाडाला नावाची पाटी. लेकानं पाट्या वाचून दाखवल्या तेव्हा शेवंताबाई म्हणाली, बरं केलं, नाहीतर चिंचेला कसं कळावं आपण चिंच आहोत म्हणून.

खोली तळमजल्याला, काचेचं दार सरकवलं की थेट हिरवळ. पलंगावरची चादर इतकी पांढरी की तिला बसायचा धीर होईना. ती खालीच बसली. तेवढ्यात खोली आवरायला मोतीबाई आली. सातपुड्याच्या पायथ्याची, शिरपूरकडची पावरा समाजाची बाई, चाळिशीची. नवरा आमश्या याच बागेत झाडांना पाणी घालायला होता. पाहुणी फरशीवर बसलेली पाहून ती दारातच थबकली. शेवंताबाईनं फडक्यातली दशमी सोडली, शेंगदाण्याची चटणी पुढे केली आणि तिलाही खाली बसवलं. हॉटेलच्या त्या खोलीत दोघी फरशीवर बसून जेवल्या. पलंग वर रिकामाच.

बोलता बोलता कळलं ते असं. दोन उन्हाळ्यांपूर्वी दुसऱ्याच्या रानात कपाशी लावताना मोतीबाईला ऊन लागलं, नाकातून रक्त आलं, बांधावर पडली ती दवाखान्यातच उठली. डॉक्टरनं सांगितलं, पुन्हा उन्हात काम केलंस तर उठशीलच असं नाही. तेव्हापासून आमश्या इथल्या माणसांच्या मागे लागला होता, तेव्हा कुठे हे खोल्यांचं काम मिळालं. "सावलीमान काम शे, माय," मोतीबाई म्हणाली. एवढंच. पण ते असं म्हणाली की जणू तिला जमीनच मिळाली होती. मनगटं तेवढी दुखतात, रोज इतक्या चादरी ओढायच्या आणि घालायच्या म्हणून, हेही तिनं हसत हसत सांगितलं.

ते मनगटांचं बोलणं शेवंताबाईच्या डोक्यात जाऊन बसलं.

निघायच्या दिवशी ती तांबडं फुटायच्या आधी उठली. चादरी काढल्या, अभ्रे काढले, टॉवेल गोळा केले. न्हाणीत म्हैस बसेल एवढा टब होता. त्यात पाणी सोडलं, वासाच्या साबणाच्या लहान लहान वड्या सगळ्या चुरल्या आणि पदर खोचून पायांनी तुडवत राहिली. आपल्या घरचं काम आपण केलं की माणसाला परक्या जागी सुद्धा बरं वाटतं. तिला फार बरं वाटलं. मग ओल्या चादरी खांद्यावर घेऊन काचेचं दार सरकवलं आणि अंधारातच मेंदीच्या कुंपणावर एकेक ताणून वाळत घातली. मोतीबाई येईल तेव्हा वाळलेल्या असतील, तिची मनगटं आज सुटली, असा तिचा हिशोब.

वर पाहिलं नाही तेवढं चुकलं. पाटी होती, पण पाटीचा तिला काय उपयोग? वर जांभूळ होतं. ज्येष्ठाचा महिना, झाड काळंभोर लगडलेलं. उजाडलं तसे बुलबुल आणि पोपट उतरले. जांभळाचा डाग काय असतो ते खानदेशात रांगत्या पोराला ठाऊक असतं, कापडाबरोबरच जातो.

शेवंताबाई तेव्हा व्हरांड्यात जगदीश आणि सून ललिता यांच्यासोबत चहा पीत होती. समोर हिरवळीवर एका जोडप्याचं लग्नाआधीचं फोटो काढणं चाललं होतं आणि फोटोवाला ओरडत होता की मागे हे धुणं कोणाचं? हॉटेलचा एक तरुण साहेब धावत आला. चादर उचलली. पांढऱ्यावर जांभळी नक्षी, जशी काही कोणी शाईची दौत लवंडली. त्यानं मोतीबाईला बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, हा उद्योग कोणाचा?

जगदीश हसला. "कुठल्या कुठल्या अडाणी बायका आणून ठेवतात," तो ललिताला म्हणाला.

मोतीबाईनं एकदा व्हरांड्याकडे पाहिलं. ती नुकतीच खोलीतून आली होती, पलंगावरची उघडी गादी तिनं पाहिली होती. तिला सगळं ठाऊक होतं. तिनं शेवंताबाईकडे पाहिलं, मग शेजारच्या जगदीशकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मीच धुई टाक्यात चादरी, साहेब."

शेवंताबाईच्या तोंडात चहाचा घोट होता. घोट गिळला की बोलायचं, असं तिनं ठरवलं. घोट गिळला. मग दुसरा घेतला. तो गिळेपर्यंत साहेबानं सांगूनही टाकलं की उद्यापासून नाही, आजपासूनच हिला खोल्या नकोत, बाहेर पाचोळा झाडायला लावा.

दुपारी गाडी निघाली. विहिरीपाशी सावली नव्हती, भर उन्हात मोतीबाई डोक्यावरून पदर घेऊन झाडत होती. गाडीला वाट म्हणून तिनं खराटा बाजूला घेतला. वर पाहिलं नाही. शेवंताबाईनंही पाहिलं नाही, म्हणजे पाहिलं, पण काच खाली केली नाही.

पारोळा गेलं, एरंडोल गेलं. ललितानं विचारलं, आई, गाडी लागते का? ती म्हणाली, हो. गाडी लागली म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही.

घरी आल्यावर तिला जेवण गोड लागेना. ओट्यावर बायका हॉटेलची चौकशी करायला आल्या, पलंग कसा होता, थंडगार हवा कशी होती. ती सांगायची, आणि सांगता सांगता ऊन कुठवर आलंय ते पाहायची. दुपार झाली की तिला घरात बसवेना. आपण सावलीत बसलोय हेच तिला टोचायला लागलं. सून म्हणाली, आईला हॉटेलची हवा बाधली.

आठ-दहा दिवसांनी जगदीशनं तीच गंमत पाहुण्यांना रंगवून सांगितली, जांभळाची आणि अडाणी बाईची. पाहुणे हसले. ते गेल्यावर तो जेवायला बसला, तशी शेवंताबाई त्याच्या ताटासमोर येऊन बसली.

"ती अडाणी बाई मी व्हती, जगदीश. त्या चादरी म्यां धुतल्या."

जगदीशचा हात भातातच राहिला. तो म्हणाला, आई, आता कोणाला आठवतंय ते.

"तिले रोज दुपारी आठवत आसन."

तो म्हणाला, फोन करतो. फोनवर तोंड दिसत नाही, ती म्हणाली. मग गाडीनं नेतो म्हणाला, पण सवड बघून, या आठवड्यात नाही. दुसऱ्या दिवशी तो उठला तेव्हा म्हातारी पहिल्या गाडीनं जळगावला आणि तिथून धुळ्याच्या एसटीत बसून गेलीही होती.

मोटार नसली तर फाटकावरचा माणूस कोणाला ओळखत नाही. ती तिथे उभी राहिली. शेवटी नळी टाकून आमश्या आला, त्यानं ओळखलं आणि तिला आत नेलं. त्या तरुण साहेबाच्या वरचा मॅनेजर चांगला माणूस होता. त्यानं ऐकून घेतलं, हसला, सरबत मागवलं. म्हणाला, आजी, चादरीचं काय एवढं, आमच्याकडे ढीग आहेत. पण ती बाई खोटं बोलली ना. खोटं बोलणाऱ्या बाईला पाहुण्यांच्या खोलीत कसं पाठवायचं?

"ती बोलली ते माह्यासाठी बोलली," शेवंताबाई म्हणाली. "म्यां तर तोंडच उघडलं नाही. मंग मले कशी दिली तुम्ही खोली?"

मॅनेजरनं पेन खाली ठेवलं. खोल्यांवर आता दुसरी बाई लागली होती, तिला काढता येणार नव्हतं, हेही खरंच होतं. शेवटी म्हणाला, धुण्याच्या खोलीत जागा आहे, तिथे घेतो. छप्पर होतं, पण मोठमोठ्या यंत्रांची वाफ. ऊन नाही एवढंच. शेवंताबाईनं सरबताला हात लावला नाही.

मोतीबाई विहिरीमागे भेटली. चेहरा रापला होता, ओठ फुटले होते. शेवंताबाई वाकायला गेली तशी ती चटकन मागे सरली. मोठ्या माणसानं पाया पडलेलं तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

"का बोलली वं तू तसं?"

"तुमना पोऱ्या समोर व्हता, माय."

"तुले ऊन लागलं का?"

मोतीबाईनं खराटा या हातातून त्या हातात घेतला. "एक दिन चक्कर उनी," ती म्हणाली. आणि मग, "तुम्ही तव्हय बोलाले पाहिजे व्हतं."

शेवंताबाई हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर ती दर महिन्याला जायला लागली. वांग्यांचे दिवस असले की भरताची हिरवी वांगी, नसले तर केळी, नाहीतर घरच्या शेंगा. असोद्याच्या बायका विचारायच्या, धुळ्याला काय सोयरीक जुळली का? ती हो म्हणायची. मोतीबाईनं माफ केलं असं कधी म्हटलं नाही, शेवंताबाईनं कधी विचारलं नाही. फरक पडला तो एवढाच की सोयऱ्याधायऱ्यांकडे गेली, तर चादर उचलण्याआधी आता ती घरातल्या सुनेला विचारायची, धुऊ का? सुना बुचकळ्यात पडायच्या.

एक पावसाळा गेला, हिवाळा आला. पौषातली फेरी शेवटची ठरली. महाशिवरात्रीच्या आत शेवंताबाई गेली, झोपेतच. पण त्या दिवशी तसं काही कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. जगदीश म्हणाला, मी सोडतो. ती म्हणाली, मले म्हातारपणाचं तिकीट फुकट आहे, तुहं पेट्रोल कायले? पिशवीत वांगी, पातीचा कांदा आणि मिरच्या घेतल्या. फाटकावरच्या माणसानं आता ओळखून आत निरोप पाठवला.

मोतीबाई आली, बोटं पाण्यानं सुरकुतलेली, अंगाला साबणाचा वास. दोघी फाटकाबाहेरच्या मोरीच्या कठड्यावर बसल्या. आमश्याचा खोकला, शेवंताबाईचा गुडघा, यंदाची कपाशी, असं बोलणं झालं. मागच्या वेळच्या मिरच्या फार तिखट निघाल्या, मोतीबाईनं सांगितलं. शेवंताबाई म्हणाली, मंग बी लावा की तुम्ही इथं. मोतीबाईनं पिशवी रिकामी करून घडी घालून परत दिली आणि कामाची वेळ झाली म्हणून उठली.

फाटकापासून धुण्याच्या खोलीपर्यंत मधे एक मोकळा पट्टा होता, तिथे झाड नव्हतं. पौषातलं ऊन काही फार नसतं. तरी नेहमीसारखी शेवंताबाई कठड्याला धरून उभी राहिली. मोतीबाई तो पट्टा ओलांडून दारात, छपराखाली शिरली, तेव्हा तिनं रिकामी पिशवी बगलेत मारली आणि एसटीच्या थांब्याकडे निघाली.