हात आणि आकडा

शेवाळे सर प्रयोगशाळेत आले की आधी आम्हाला डोळे मिटायला लावायचे. मग कुणाच्या तरी तळहातावर एखादी वस्तू ठेवून विचारायचे, कशाची आहे, किती वजनाची आहे. उत्तर चुकलं तरी चालायचं. अंदाजच केला नाही तर मात्र त्या दिवशी उपकरणाला हात लावू देत नसत. "हात इंजिनिअरिंगचा, आकडा फिजिक्सचा. दोघांचं भांडण झालं की थांबायचं, पोरांनो," हे त्यांचं पालुपद.

नाशिकमधल्या आमच्या कॉलेजात अभियांत्रिकी तंत्रज्ञान आणि भौतिकशास्त्र अशी जोड पदवी नव्यानेच सुरू झाली होती. इंजिनिअरिंगची मुलं आम्हाला पुस्तकी किडे म्हणत, फिजिक्सची मुलं फिटर. घरी तर 'एक ना धड, भाराभर चिंध्या' हे ठरलेलंच. सर सटाण्याकडचे, तासिका तत्त्वावर नेमलेले. दर जूनला नेमणूक पुन्हा झाली तर झाली. मन थाऱ्यावर नसलं की ते अहिराणीत उतरायचे.

त्यांना खरा संताप यायचा तो रीडिंग जुळवण्याचा. उत्तर पुस्तकात असतंच. तिथून उलटं गणित करत यायचं, खरं वाटावं म्हणून बेताची चूक ठेवायची आणि प्रयोग न करताच रकाने भरायचे. ही चाल प्रॅक्टिकलला सगळीकडे चालते, आमच्याकडेही चालायची.

वार्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. प्रयोग साधा होता. पट्टीच्या मधोमध वजनं टांगायची, ती किती वाकते ते मोजायचं आणि त्यावरून धातूचा ताठपणा काढायचा. पट्टी स्टीलची, असं प्रश्नपत्रिकेत लिहिलेलं. माझं उत्तर आलं स्टीलच्या जेमतेम एक तृतीयांश. पुन्हा मोजलं, तेच आलं. पट्टी काढून हातात घेतली तर राखाडी रंगाखाली ती भलतीच हलकी लागली. पण बाकी सगळ्या टेबलांवर उत्तर अगदी स्टीलचं आलं होतं.

परीक्षकांनी माझा पेपर पाहिला. सगळ्यांचं येतं मग तुझंच का येत नाही, असं विचारून त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं. हेच येतंय, एवढंच मी म्हणू शकले. नापास होणार हे दिसतच होतं. सर खिडकीपाशी उभे होते. परीक्षेत त्यांनी बोलायचं नसतं. तरी ते आले आणि त्यांनी माझी पट्टी उचलली.

त्यांचा चेहरा उतरला. जुन्या पट्ट्या गंजल्या म्हणून त्यांनीच वर्कशॉपमधून एकाच पत्र्याच्या नव्या कापून मागवल्या होत्या. गडबडीत रंग देऊन आलेल्या त्या पट्ट्या त्यांनी तशाच मांडल्या. ज्या माणसाने आम्हाला आधी हातात घ्यायला शिकवलं, त्याने स्वतः त्या दिवशी हातात घेऊन पाहिलं नव्हतं.

"हाई स्टील नही शे," ते पुटपुटले. मग परीक्षकांकडे वळून स्वच्छ मराठीत म्हणाले, "सर, या सगळ्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या आहेत. मी तपासल्या नाहीत, चूक माझी. हिचं उत्तर बरोबर आहे."

परीक्षकांनी इतर टेबलांवरून नजर फिरवली. "मग यांचं स्टील कुठून आलं?"

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. एका शब्दाने अख्खा वर्ग बुडणार होता. सर म्हणाले, "आकडे जुळवलेत. पण पट्टीच चुकीची दिली, तर परीक्षा झालीच कुठं? सगळ्यांची पुन्हा घ्या."

परीक्षकांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि ते तयार झाले. दुपारी खऱ्या स्टीलवर सगळ्यांना घाम गाळावा लागला. पास सगळे झाले, पण अहवालात सरांचा निष्काळजीपणा गेला. जूनमध्ये त्यांची नेमणूक झाली नाही. वर्गातले काही जण म्हणाले, गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं.

मला मात्र राहवेना. मी फोन केला. सर सटाण्यात बारावीच्या शिकवण्या घेत होते. मी तेच विचारलं, गप्प बसला असता तर तुमची नोकरी राहिली असती ना?

"राहिली असती की," ते म्हणाले. "पण मग खोटी तू ठरली असतीस, पोरी."

मला रडू आवरेना. त्यांनी विचारलं, नवीन सर उपकरणं लावायच्या आधी हातात देतात का? मी नाही म्हणाले.

"मग तू घेत जा," ते म्हणाले.