भाऊजी आणि चार विमानवाले

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका भित्रा माणूस मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाट जिल्ह्याने पाहिला नसेल. आणि या जिल्ह्यात वाघ राहतात, हे लक्षात घेऊनच मी म्हणते. भाऊजींनी सगळी नोकरी भरवेलीच्या खाणीच्या ऑफिसात काढली, पण खाली खाणीत एकदाही उतरले नाहीत. ते पालीला भीत, इंजेक्शनला भीत, आणि अनोळखी नंबरवरून फोन आला की वाजत्या मोबाइलवर टॉवेल टाकून ताईला हाका मारत. "खोटं बोलाले भेव वाटते मले, आन् खरं बोलाले त्याहून जास्त," असे ते स्वतःच सांगत.

अशा माणसाकडे कटंगीकडचा ओळखीचा एक शेतकरी धानाच्या बांधात सापडलेली, आकडे ठोकलेली पत्र्याची पट्टी घेऊन आला. खाणवाल्यांना बारूद कळते, हा त्याचा समज. भाऊजी आधी परसात पळाले. हा बॉम्ब नव्हे, महायुद्धात तिकडच्या जंगलात पडलेल्या विमानाचा नंबर आहे, हे मी समजावल्यावर तर ते पांढरेफटक पडले. "म्हंजे आतले लोक तिथंच हायेत? बिनानावाचे? आन् त्यांची वस्तू माह्या घरात?" नाव-गाव शोधून दिल्याशिवाय ते आपल्याला सोडायचे नाहीत, असे त्यांनी ठरवूनच टाकले. मग माझ्याकडून इंग्रजीत लिहवून घेत त्यांनी वर्षभर विलायतेची दप्तरे भंडावून सोडली. अखेर त्या नंबरावरून चार नावे आली. सर्वांत धाकटा, वायरलेसवाला, एकोणीस वर्षांचा.

पाठोपाठ, दप्तरवाल्यांनी कळवल्यावरून, त्याच्या भाचीचे ईमेलने पत्र आले. म्हातारी बाई. तिने एवढेच विचारले होते : मामाला फार त्रास झाला का?

भाऊजी त्या शेतकऱ्याच्या आजीला भेटायला गेले. तिने बापाकडून ऐकलेले सांगितले. तिघे जागीच गेले होते. एक कोवळ्या तोंडाचा पोरगा मात्र दिवस मावळेपर्यंत हाका मारत होता. बाप मोहाच्या झाडाआड उभा होता. भीतीने पुढे गेला नाही. सकाळी गाव गेले आणि चौघांनाही पुरून आले.

भाऊजी परतले ते दोन दिवस जेवले नाहीत. मी म्हणाले, "लिहून टाकू, लगेच गेला म्हणून. तिला काय कळतंय?"

भाऊजींनी मान हलवली. "नाही. खरं लिही. आन् हेबी लिही, का मी तिथं असतो तं मीबी लपलो असतो. त्या बुढ्याच्या वतीनं मी माफी मांगतो."

मी पत्र पाठवत असताना ते अंगणात जाऊन उभे राहिले.

तीन आठवडे उत्तर आले नाही. मग आले. "माझी आई मरेपर्यंत हेच विचारत होती," भाचीने लिहिले होते. "कुणीतरी त्याचा आवाज ऐकला होता, एवढे तरी कळले." सोबत फोटो होता : डोक्याला मोठी होणारी टोपी घातलेला, हसणारा मुलगा. भाऊजींनी तो छापून आणला आणि बराच वेळ पाहत बसले.

"ह्यालेबी भेव वाटलं असन, न?"

"हौ, भाऊजी."

"मंग राहू दे इथंच," ते म्हणाले, आणि फोटो त्यांनी आपल्या उशाशी ठेवला.