आधी म्हशीचं, मग माझं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथीच्या जुड्या. सकाळी शेलूबाजारले न्यायच्या होत्या. अंगणात पोतं अंथरलं होतं. गिरजा मुळांची माती झटकून द्यायची, मी बांधायचो.

"इतकी ढिली काहून बांधता? बाजारात जाऊस्तोर पसरन."

"मंग तूच बांध."

एवढंच बोलणं. तेवढ्यात गोठ्यात चंद्री ओरडली आणि ही हातातली मेथी टाकून उठली. भूक मलेही लागली होती… पण आमच्या घरचा कायदाच तो. आधी म्हशीचं, मग माझं. दुसऱ्या दिवशी दुपारी गिरजा मेथीच्या वाफ्यात निंदायले बसली, ती उठलीच नाही. त्याले आता सव्वा महिना झाला.

हा कायदा तिच्या माहेरचा नाही, माझ्या मायचाही नाही. तो रिबकाबाईंचा. लेकरं लहान होती तेव्हा त्या गावच्या दवाखान्यात नर्स म्हणून आल्या, आमच्या शेजारच्या खोलीत राहिल्या. मूळच्या अलिबागकडच्या, बोलणं मराठीच, पण धर्म यहुदी. असा धर्म असतो हे आम्हाले त्यांच्यामुळेच कळलं. गिरजाची आणि त्यांची अशी गट्टी जमली, की मी वावरातून यावं तर ही त्यांच्या ओट्यावर. मले ते बिलकुल आवडत नव्हतं. जे मले कधी सांगितलं नाही, ते त्यांना सांगायची.

एकदा मी ताटावर बसलो होतो आणि गोठ्यात तेव्हाची म्हैस, चंद्रीची आजी, उपाशी ओरडत होती. रिबकाबाई दारातून म्हणाल्या, "गिरजाबाई, आमच्या धर्मात सांगितलंय, आपलं जनावर उपाशी असताना आपण घास घेऊ नये. देवानं आधी जनावरांच्या गवताचं नाव घेतलं, मग माणसाच्या पोटाचं." गिरजानं माझ्यापुढचं ताट उचललं. उचललं म्हणजे उचललंच! कडबा टाकून आली तेव्हा वापस ठेवलं. बायकांले सवत असते, मले म्हैस झाली.

"धर्म त्याहिचा आन् उपास माहा?" मी चिडायचो.

"तुमाले मांगता येते, तिले येत नाही."

"तिले येत नाही? सारं गाव गोळा करते ते वरडून!"

हसायची. पण म्हशीनं कडब्यात तोंड घातल्याशिवाय माझी भाकर तव्यावर पडत नव्हती.

गिरजा गेली तेव्हा चंद्रीनं दोन दिवस चाऱ्याले तोंड लावलं नाही. भेटायले येणारा जो तो गोठ्यात जाऊन तिच्या पाठीवर हात फिरवायचा. "पाहा, मुकं जनावर, पण कसं समजते त्याले!" आणि मी ओट्यावर बसलेला… मी जेवलो का, हे कोण पाहते? मेल्यावरही पहिला नंबर म्हशीचाच. मले गिरजाले एकच विचारायचं राहिलं होतं. तुह्या मनात मी कितव्या जागी होतो?

तेरवी झाल्यावर रिबकाबाई आल्या. आता अकोल्याले लेकीकडे असतात, काठी टेकत चालतात. ओट्यावर बसून खूप रडल्या. मले तेही खुपलं. मी सरळ बोललो, "बाई, तुमच्या त्या दयेपायी जनमभर म्हशीच्या मांगून जेवलो मी."

त्यांनी डोळे पुसले. "आणि पाणी?"

"पाण्याचं काय?"

"तुम्ही शेतातून आलात की गिरजाबाई आधी काय करायच्या?"

"गडवाभर पाणी द्यायची हातात."

"म्हशीला पाजायच्या आधी, की नंतर?"

आधीच. पाय धुवायच्याही आधी तो गडवा माझ्या हातात असायचा.

"चारा जनावराला आधी, पण पाणी माणसाला आधी, असं आमच्यात आहे," त्या म्हणाल्या. "जिच्यावरून माझं नाव ठेवलं, त्या आमच्या धर्मग्रंथातल्या रिबकेनं विहिरीवर आधी तहानलेल्या माणसाला पाजलं, मग त्याच्या उंटांना. गिरजाबाईंना मी दोन्ही सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, हे त्याहिले नका सांगू बाई, फुगून बसतीन."

म्हणजे हेही यांनाच माहीत. मले नाही…

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गडवा भरला. चंद्री दावं ताणून पाहत होती. तिच्यासमोर उभा राहून मी घटाघटा प्यालो, शेवटच्या थेंबापर्यंत.

"पाह्य," म्हटलं, "हे माहं होतं."

मग तिच्यापुढं कडबा टाकला. तिनं तोंड घातलं, तेव्हाच शिळी भाकर हातात घेतली.