रंग उतरवायला किती वेळ?

२० मार्च २००९, शुक्रवार. काम: नायिकेच्या चेहऱ्यासाठी काळा रंग कालवणे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं एक जुनं संगीतनाटक आमची दुबईतली हौशी मंडळी पुन्हा बसवत होती. मंदीत नोकऱ्या जाऊन निम्मे नट भारतात परतले होते. उरलेल्यांतून निवडलेली नायिका पुण्याची. दिग्दर्शक म्हणाले, "रंग लावा, की झालं." मला ते पटत नव्हतं, तरी मी वाटीत रंग कालवायला घेतला.

दुबईच्या देरा बाजारात कापडाचा व्यापार करणारी एक नायजेरियन बाई तालीम बघायला आली होती. रुमालाने खुर्ची पुसून ती बसली आणि माझी वाटी निरखत राहिली.

"हा रंग उतरवायला किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं," मी म्हणाले.

"माझा उतरत नाही. मला घ्या की."

दिग्दर्शक हसले. "गाता येतं?"

चपला काढून ती उभी राहिली आणि गायली. गाणं संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "खलास! हीच नायिका." मी वाटी मोरीत ओतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याच्या मुलीला फोन केला. कोरसमध्ये गाशील का, विचारलं.

"सुटले, काकू!" ती म्हणाली. "मलाही लाजच वाटत होती."

मग मी टेप घेऊन पोशाखासाठी बाईंचं माप घ्यायला देऱ्याला गेले.