गिरणीत गेलेलं बियाणं

आईचं बियाणं मी गिरणीत नेऊन भरडून आणलं, तिथून आमच्या सॉफ्टवेअरची सुरुवात झाली. कोपऱ्यात धानाची दोन पोती होती, एक खायचं आणि एक पेरायचं. दोन्ही सारखीच मळकी. त्यातलं एक मोटरसायकलवर टाकून नेलं आणि तासाभरात तांदूळ घेऊन मोठ्या ऐटीत परतलो. आईने पोत्यात हात घातला, दाणा हुंगला आणि तिथेच खाली बसली.

"काऊन रे बापा, बी भरडून आणलं तुनं?"

तो तिच्या माहेरचा, मोहर्लीचा धान होता. बारीक, वासाचा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी पदरात बांधून आणलेला. दरवर्षी शेतातल्या एका बांधीत ती तेवढाच लावायची आणि बुद्धपौर्णिमेची खीर त्याच तांदळाची व्हायची. मोहर्लीत चौकशी केली, तर तिथे आता तो कुणीच लावत नव्हतं. मामाकडची पोरं आता पर्यटकांना वाघ दाखवणाऱ्या सफारीच्या गाड्या चालवतात. भरडलेला तांदूळ आम्ही महिनोन्महिने खाल्ला. इतका चवदार भात इतक्या पडेल तोंडाने कुणी जेवलं नसेल.

मी गडचिरोलीत कॉम्प्युटर शिकवतो. शेतीतलं मला काही कळत नाही हे सिद्ध झालंच होतं, म्हणून जे येतं ते केलं. कुठल्या गावात कुठलं बियाणं मिळेल हे दाखवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. चंद्रपूरला वनस्पतीशास्त्र शिकवणारी एक मैत्रीण जोडीला आली. गावोगाव फिरून बायांना विचारायचं काम तिचं. पगार कुणालाच नाही. कोड आम्ही इंटरनेटवर खुला ठेवला: कुणीही घ्यावा, वापरावा, सुधारावा आणि सुधारलेला पुन्हा सगळ्यांना द्यावा. बियाण्यांची यादीही त्याच्यासोबतच ठेवली. हे सारं मी आईला हातवारे करकरून समजावलं.

"मंग त्यात नवं का हाय?" ती म्हणाली. "बी असंच तं देतेत."

खरंच होतं. आमच्याकडे घरचं बियाणं विकत नाहीत. पायलीभर न्यायचं आणि पीक आलं की पायली परत करायची, वर एक ओंजळ. खुल्या सॉफ्टवेअरवरचं माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान तिने एका वाक्यात गुंडाळून ठेवलं.

पहिले काही महिने आम्ही दोघंच. मग कोकणातल्या एका अनोळखी बाईंनी आमच्या प्रोग्राममधली चूक आपणहून दुरुस्त करून पाठवली. त्या दिवशी मी अख्ख्या वर्गाला चहा पाजला.

पण परकी माणसं बघतात म्हटल्यावर मला यादी नीटनेटकी करायची हुक्की आली. धानाच्या नावाच्या रकान्यात बायांनी वाट्टेल ते सांगितलेलं: 'नणंदेचा', 'थोरल्या जावेचा', 'आलापल्लीवालीचा'. ही काय नावं झाली? शेतीच्या पुस्तकात सापडणारी नावं ठेवून बाकीच्या ओळी गाळणारा चार ओळींचा कोड लिहिला आणि यादीतली एकही ओळ न वाचता चालवला. यादी निम्मी झाली, पण दिसायला देखणी.

दोन दिवसांनी मैत्रिणीचा फोन आला.

"तू करून काय राह्यला? माही पायपीट उडवून टाकली तुनं! अरे, बी ज्याच्याकडून आलं त्याच्याच नावानं बाया त्याले ओळखतात. तेच नाव असते त्याचं!"

खुल्या कोडचं एक बरं असतं, जुनी प्रत्येक प्रत जपून ठेवलेली असते. गाळलेल्या ओळी मिनिटभरात परत आल्या. पण शिक्षा म्हणून तिने मला एकेक ओळ वाचायला लावली. मुकाट्याने वाचत होतो, तर मध्येच दिसलं: 'मोहर्लीवालीचा धान. बारीक, वासाचा. गाव धानोऱ्याजवळ.'

ती ओळ मी तीनदा वाचली. सासरी आलेल्या बाईला आमच्या गावात नावाने नाही, माहेरच्या गावाने हाक मारतात. आई सगळ्यांची मोहर्लीवाली. अर्थात मोहर्लीच्या लेकी दहा गावांत नांदत असतील. म्हणून आईला काहीच न सांगता, नुसतं फिरून येऊ म्हणत, धानोऱ्याच्या एसटीत बसवलं.

यादीतल्या त्या घरी एक म्हातारी अंगणात मोहफुलं वाळवत होती. आईकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"तू मोहर्लीवाली तं नाई? माही बहीण नांदते त्या गावची? मी तिच्याकडे धानाच्या रोवण्याले आली होती, तं तुनं ओच्यात बी बांधून देल्लं होतं."

आईला आठवतही नव्हतं. म्हातारीने आतून सूपभर धान आणला. आईने दाणा दाताखाली फोडला, हुंगला आणि रडायला लागली. मीही रडलो, लपवण्यात काय अर्थ?

निघताना म्हातारीने पायली भरून दिली आणि मला बजावलं, "वरून एक ओंजळ आणजो, भाऊ."

"माहंच बी, अन मलेच उसनं!" आई डोळे पुसत हसली. पण रीत ती रीत.

पीक आलं. पायली आणि ओंजळ धानोऱ्याला पोचली, बुद्धपौर्णिमेला खीर झाली. मग आमच्या घरची नोंद यादीत टाकायला मी लॅपटॉप घेऊन आईजवळ बसलो आणि धानाचं नाव काय लिहू, असं विचारलं.

"ज्यानं आणला त्याचंच नाव देतेत ना?"

"हो."

"मंग लिह. माह्या पोराचा धान."

टाईप करताना मला अक्षरं नीट दिसेनात. धानाच्या पोत्यांना मात्र ती अजून मला हात लावू देत नाही.